आयत्या वेळच्या विषयात घटना बदलता येत नाही : जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मा. सरचिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
जिल्हा हौशी ॲथलेटिक्स संघटना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना माझ्यासमोर आहे. तिच्यावर आठ विषय आहेत. मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, लेखापरीक्षक नेमणे, पुढच्या हंगामाच्या तारखा वगैरे नेहमीचे सात. आठवा विषय : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' 'घटना दुरुस्ती' हे शब्द त्या कागदावर कुठेही नाहीत.

सभा अकराला सुरू झाली. पावणेदोनच्या सुमारास, शेजारच्या खोलीत जेवणाची ताटं मांडल्याचा आवाज येत असताना, सरचिटणीसांनी फाइलमधून दोन पानं काढली आणि या आठव्या विषयाखाली घटनेतल्या चार दुरुस्त्या वाचून दाखवल्या. वाचून होताच पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा आवाज आला. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते मागे बसलेल्या आम्हाला ऐकूही आलं नाही. मी हात वर केला. 'सर, काय असेल ते लेखी द्या,' असं मला सांगण्यात आलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. प्रशिक्षकाचं लक्ष सवयीने घड्याळाकडे असतं. वाचन सुरू झाल्यापासून आभाराला उभं राहीपर्यंत नऊ मिनिटं गेली होती.

दुसऱ्याच दिवशी मी लेखी दिलं. पोच मिळाली नाही. मग स्पीड पोस्टाने पाठवलं. त्यालाही पाच आठवडे झाले. फोन केला की 'बैठकीत ठेवतो' एवढंच उत्तर येतं. म्हणून तेच म्हणणं आता सगळ्यांसमोर मांडतो आहे. संघटना आपल्या चौदा-पंधरा जणांची नाही. ती या जिल्ह्यात धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची आहे, आणि त्यांच्या पालकांना हे कळायला हवं.

मी कोण, हे आपल्याला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. १९९४ साली मी याच संघटनेच्या निवड चाचणीत ८०० मीटर धावलो. ट्रॅक मातीचा होता. पहाटे पाणी मारून, रोलर फिरवून तो तयार करण्यात मीही होतो. दुसरा आलो आणि जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धेला गेलो. एसटीचा तो प्रवास, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणं आणि छातीवर जिल्ह्याचं नाव लावून पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर पाय ठेवणं, या तीन दिवसांनी माझं पुढचं आयुष्य ठरवलं. मी क्रीडाशिक्षक झालो. १९९९ साली आमच्या तालुक्याच्या क्लबला आपली संलग्नता मिळाली आणि तेव्हापासून एकही वर्ष आम्ही वर्गणी चुकवलेली नाही. सगळ्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. आज क्लबमध्ये ४३ मुलं-मुली आहेत. शाळेच्या मैदानावर दर शनिवारी आम्ही फक्की मारून लेन आखतो, सोमवारपर्यंत ती गुरं आणि गाड्या पुसून टाकतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आखतो. या मैदानावरून अकरा मुलं पोलिसात आणि सैन्यात गेली.

हेही सांगायला हवं की या संघटनेत मी फार चांगली माणसं पाहिली आहेत. एक जुने सरचिटणीस हर्डल्स बैलगाडीतून मैदानावर आणत. त्यांनीच मला संघटनेच्या मूळ घटनेची कार्बन प्रत दिली होती. 'मास्तर, हे वाचून ठेवा, कधीतरी लागेल,' म्हणाले होते. ती प्रत इंग्रजीत आहे, कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की घटनेत बदल करायचा तर त्यासाठी खास सर्वसाधारण सभा बोलवावी, दुरुस्तीचा मसुदा सगळ्या सभासदांना २१ दिवस आधी पाठवावा आणि उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मतांनी तो संमत व्हावा. या तिन्हींपैकी त्या दिवशी काय झालं? खास सभा नव्हती, मसुदा आजही कोणाच्या हातात नाही, आणि मतं कोणी मोजली नाहीत.

माझी पहिली आणि मुळातली तक्रार हीच आहे. बाकीच्या तिच्यातून निघतात.

आता त्या चार दुरुस्त्या. मसुदा मिळाला नसल्यामुळे त्या वेळी वहीत जे टिपून घेतलं त्यावरून लिहितो. टिपण्यात चूक असेल तर मसुदा प्रसिद्ध करा. चूक निघाली तर मी ती जाहीरपणे दुरुस्त करीन.

एक : संलग्न क्लब आणि शाळांचा मताधिकार काढून घेतला आहे. यापुढे ते 'सहयोगी सदस्य' राहतील, सभेला बसतील, पण मत देणार नाहीत. मत फक्त आजीव सभासदांना. आजीव सभासद व्हायला २५ हजार रुपये आणि कार्यकारिणीची शिफारस लागेल. म्हणजे कार्यकारिणी कोणी निवडायची हे कार्यकारिणीच ठरवणार. तालुक्याच्या मैदानावर मुलं घडवणारा माणूस हे २५ हजार कुठून आणणार? आमच्या क्लबचं वर्षाचं सगळं बजेट त्याहून थोडंच जास्त आहे, आणि त्यात दोन भाले, चार गोळे, प्रथमोपचाराची पेटी आणि स्पर्धेला जाण्याचं एसटीचं भाडं बसवावं लागतं. आपली संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे. त्या कायद्याच्या कलम १५ मध्ये सभासद कोण ते सांगितलंय : नियमानुसार दाखल झालेला आणि वर्गणी भरलेला. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर त्याला मत देता येत नाही, असंही त्यात आहे. थकबाकीदाराचं मत कायद्याने गोठतं हे मला मान्य आहे. पण २६ वर्षं वेळेवर वर्गणी भरणाऱ्याचं मत नऊ मिनिटांत कसं गेलं, हे मला कोणी समजावून सांगावं.

दोन : अध्यक्ष, सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष यांच्या कार्यकाळाची मर्यादा उठवली आहे. ही मर्यादा आपल्याच सभेने घातली होती. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता २०११ साली आली. तिच्यात राष्ट्रीय महासंघांच्या अध्यक्षाला जास्तीत जास्त १२ वर्षं आणि वयाची मर्यादा ७० अशी तरतूद होती. तिचाच आधार घेऊन आपणही चार-चार वर्षांचे तीन कार्यकाळ ठरवले. त्या सभेत मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता विद्यमान पदाधिकाऱ्यांचे तीन कार्यकाळ येत्या वर्षी संपतात आणि मर्यादा यंदा निघते. मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण ज्यांची मुदत संपत आली आहे, त्यांनीच व्यासपीठावर बसून ती मुदत काढून टाकायची आणि त्या ठरावावर चर्चाही होऊ द्यायची नाही, हे कोणत्याही संस्थेत शोभत नाही.

जगभरच्या ॲथलेटिक्सने याची किंमत मोजलेली आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षपदी लामिन दियाक १९९९ ते २०१५ अशी सोळा वर्षं होते. पुढे २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात दोषी ठरवलं. डोपिंगची प्रकरणं दाबण्यासाठी पैसे घेतल्याचा तो खटला होता. त्या हादऱ्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये मोनॅकोत महासंघाची खास सभा भरली आणि घटना मुळापासून बदलली गेली. कार्यकाळाला मर्यादा आली, कार्यकारी मंडळावर स्त्रियांचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरलं, आणि २०१७ पासून गैरप्रकारांच्या चौकशीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. आपल्यापैकी कोणावर असला आरोप नाही आणि मला तसं सुचवायचंही नाही. मला एवढंच म्हणायचंय की खुर्ची किती वर्षं, हा प्रश्न या खेळाने फार मोठा मार खाऊन सोडवला आहे. सुटलेला प्रश्न आपण पुन्हा का अडकवतो आहोत?

तीन : ही दुरुस्ती माझ्या सगळ्यात जिव्हारी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निवड चाचणीनंतर तयार झालेल्या यादीत 'संघटनेच्या हितासाठी' बदल करण्याचा अधिकार अध्यक्ष आणि सरचिटणीस यांना देण्यात आला आहे. कारण नोंदवण्याची अट नाही.

यंदाच्या चाचणीत आमच्या क्लबची एक मुलगी ६०० मीटर धावली. पंधरा वर्षांची आहे, नाव लिहीत नाही. तिचे वडील दुधाचा टेंपो चालवतात. पहाटे तीनला उठून संकलन केंद्रावर जातात. चाचणीच्या दिवशी त्यांनी टेंपोवर दुसरा माणूस ठेवला, त्याला दिवसाचे पैसे दिले आणि स्वतः मुलीबरोबर आले. आदल्या आठवड्यात त्यांनी तिला २,२०० रुपयांचे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट, घेऊन दिले होते. पहिल्या दोघींची निवड होणार, हे सकाळी माइकवरून सांगितलं होतं. ती शेवटच्या वळणाला चौथी होती. सरळ रेषेला लागल्यावर तिने बाहेरून दोघींना मागे टाकलं आणि दुसरी आली. माझ्या घड्याळात १ मिनिट ४४.६ सेकंद. अंतिम रेषेवरच्या पंचांनी तिचा चेस्ट नंबर दुसऱ्या क्रमांकावर लिहिला, तो मी स्वतः वाचला. ती रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती, खोकत होती आणि हसत होती. वडिलांनी तिथेच गावी फोन लावला.

रात्री अकराला ग्रुपवर यादी आली. तिच्यात पहिली आलेली होती आणि चौथी आलेली होती.

सकाळी सहाला वडील मैदानावर आले. आवाज चढवला नाही, कोणाला दोष दिला नाही. मला विचारलं, "सर, पोरीला किती सेकंद कमी पडले?" मी म्हणालो, "काहीच कमी पडलं नाही." ते म्हणाले, "मग?" त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी आपल्याला फोन केला तेव्हा 'वरून निर्णय झाला' असं कळलं. तोवर असा निर्णय घेण्याचा अधिकार घटनेत कोणालाच नव्हता. चाचणीनंतर काही आठवड्यांनी झालेल्या सभेत तो अधिकार घटनेत आला.

चौथ्या आलेल्या मुलीबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. तीही मेहनत करणारी मुलगी आहे, आणि आपलं नाव यादीत कसं आलं हे तिलाही माहीत नसेल. ती राज्य स्पर्धेला गेली तेव्हा इतर मुली तिच्याकडे कशा बघत असतील, याचा विचार कोणी केला का? दोन मुलींवर अन्याय झाला आहे.

धावण्याच्या खेळाचं मोठेपण काय, असं मुलं मला विचारतात तेव्हा मी सांगतो की इथे कोणाची मर्जी चालत नाही. घड्याळ आणि टेप बोलतात. लांब उडीच्या फळीपलीकडे बोटभर पाऊल पडलं तरी लाल निशाण वर जातं. पाठून वारा सेकंदाला दोन मीटरहून जास्त असेल तर १०० मीटरचा विक्रम धरला जात नाही. २०१० पासून तर स्टार्टच्या आधी एकदा जरी सुटलं तरी शर्यतीबाहेर. एवढे कडक नियम मुलं तक्रार न करता पाळतात, कारण ते सगळ्यांना सारखे आहेत आणि आधी माहीत आहेत. आणि निर्णय चुकला असं वाटलं तर? जागतिक नियमावलीतच सोय आहे. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत रेफ्रीकडे तोंडी हरकत घेता येते. रेफ्रीचा निर्णय पटला नाही तर अनामत भरून ज्युरीकडे लेखी अपील करता येतं, आणि हरकत मान्य झाली तर अनामत परत मिळते. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला मैदानावर दाद मागण्याचा हक्क आहे. मैदान सोडून ती संघटनेच्या दारात आली की तो हक्क संपतो. आपल्या घटनेत अपील हा शब्दच नाही. जुन्या प्रतीत नाही आणि नव्या दुरुस्त्यांतही नाही.

एका निवडीने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, आणि या सगळ्याची पहिली पायरी जिल्ह्याच्या संघात असण्याची आहे. पायरी नाकारली की पुढचा जिना नाकारला जातो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, देवरगावचा सर्वेश कुशारे ही सगळी खेड्यातली मुलं. ललिता २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. अविनाशने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. सर्वेश २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीत सहावा आला. खेड्यातल्या मुलाकडे ओळख नसते, त्याच्याकडे फक्त त्याची वेळ असते. त्या वेळेची किंमत यादी करणाऱ्याच्या मर्जीवर ठेवली तर पुढचा मुलगा आपल्याला कधी दिसणारच नाही.

चार : 'अनधिकृत' शर्यतीत धावणाऱ्या खेळाडूवर आणि 'संघटनेच्या प्रतिमेला बाधा येईल असं जाहीर वक्तव्य' करणाऱ्या खेळाडू, पालक किंवा प्रशिक्षकावर दोन वर्षांची बंदी. निर्णय सरचिटणीसांचा. सुनावणी नाही.

यातल्या दुसऱ्या भागाखाली हे पत्रही येईल. तरी मी ते लिहितो आहे.

पहिल्या भागाबद्दल मात्र बोललं पाहिजे. शिवजयंतीला, गणेशोत्सवात, गावच्या यात्रेत आपल्याकडे धावण्याच्या शर्यती होतात. पहिलं बक्षीस हजार-एक, दोन हजार, कधी पाच. आमची मुलं या शर्यती धावतात, कारण त्यांतून बुटांचे आणि खुराकाचे पैसे निघतात. माझा एक विद्यार्थी अशा तीन शर्यतींच्या बक्षिसातून वर्षभर अंडी आणि शेंगदाणे घेत होता, आणि त्याच ताकदीवर जिल्ह्यासाठी पदक आणलं. त्याच्यावर आपण बंदी घालणार? आपल्या नावात 'हौशी' आहे म्हणून बक्षिसाचे पैसे घेणं गैर, असं सभेत कोणीतरी म्हणालं. त्या शब्दाने या खेळात किती अन्याय केला, ते आठवावं. अमेरिकेचा जिम थॉर्प १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) अशी दोन सुवर्णपदकं जिंकला. नंतर तो आधी बेसबॉल खेळून थोडे पैसे मिळवत होता हे उघड झालं आणि दोन्ही पदकं काढून घेण्यात आली. तो १९५३ मध्ये वारला. पदकं त्याच्या कुटुंबाला १९८३ मध्ये मिळाली आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ साल उजाडलं. १९१२ सालीच स्थापन झालेल्या जागतिक महासंघानेही आपल्या नावातला 'हौशी' हा शब्द २००१ मध्ये काढून टाकला. नावात तो असू द्या, माझी हरकत नाही. खेळावरचं प्रेम असा त्याचा चांगला अर्थही आहे. पण गरिबाच्या पोराचे बूट हिरावण्यासाठी तो वापरू नका.

दुरुस्त्यांपलीकडच्या दोन गोष्टी थोडक्यात.

हिशेब. प्रत्येक स्पर्धेला प्रत्येक प्रकारामागे प्रवेश शुल्क घेतलं जातं. ते किती जमलं आणि कशावर खर्च झालं, याचा कागद सभासदांना गेल्या चार सभांत मिळालेला नाही. 'जमाखर्चाला मंजुरी' हा विषय दरवेळी वाचून मंजूर होतो. आपण सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेले आहोत. लेखापरीक्षण करून घेणं आपल्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ताळेबंद तयार असणारच. तो सूचनेबरोबर पाठवायला काय अडचण आहे?

मुली. चाचणीला येणाऱ्यांत निम्म्या मुली असतात. कार्यकारिणीत एकच महिला आहे. गेल्या चाचणीला मुलींसाठी कपडे बदलायची जागा म्हणजे पॅव्हेलियनच्या मागे दोन आयांनी धरलेली चादर होती. ती चादर माझ्या पत्नीने घरून आणली होती. मुलींची तक्रार ऐकायला संघटनेत कोणी नेमलेलं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने क्रीडा संकुल आणि स्पर्धेचं ठिकाणही 'कामाची जागा' मानलं आहे, आणि अल्पवयीन मुलांसाठी पॉक्सो कायदा आहेच. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने तर राष्ट्रीय महासंघांच्या जास्तीत जास्त पंधरा जणांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असलेच पाहिजेत असं ठरवलं. ही तरतूद राष्ट्रीय पातळीसाठी आहे, हे मला माहीत आहे. पण दिल्लीत जे आवश्यक मानलं गेलं ते आपल्या जिल्ह्यात अनावश्यक कसं?

माझ्या मागण्या सरळ आहेत.

सभेत वाचलेल्या चारही दुरुस्त्या रद्द समजाव्यात आणि तसं लेखी पत्र प्रत्येक संलग्न क्लबला पाठवावं. त्यांच्या आधारावर धर्मादाय कार्यालयात कोणताही बदल अर्ज दाखल करू नये. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली अशा अर्जाला ९० दिवसांची मुदत असते, आणि ती अजून संपलेली नाही. अर्ज गेलाच तर मी आणि माझ्याबरोबर सहा क्लब त्यावर हरकत नोंदवू. ती वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घटना बदलायची गरज आहे, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी खास सभा बोलवा. मसुदा मराठीत करा, जुनं कलम आणि नवं कलम शेजारी-शेजारी छापा आणि २१ दिवस आधी सगळ्यांच्या हातात द्या. मूळ घटनेची प्रतही त्याबरोबर द्या, कारण बहुतेक क्लबांनी ती कधी पाहिलेलीच नाही.

त्या नव्या घटनेत वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक क्लबला एक मत असावं. पदाधिकाऱ्यांना एकूण बारा वर्षांची मर्यादा कायम असावी. खेळाडूंनी निवडलेले दोन प्रतिनिधी, त्यांतली एक मुलगी, कार्यकारिणीत असावेत आणि महिलांच्या जागा निश्चित असाव्यात. मुलींच्या तक्रारींसाठी बाहेरच्या सदस्यासह समिती नेमावी. तिचे फोन क्रमांक प्रत्येक स्पर्धेत मैदानावर लावावेत.

निवडीचे निकष चाचणीच्या पंधरा दिवस आधी लेखी जाहीर करा. निकाल वेळेसह आणि मोजमापासह त्याच दिवशी मैदानावरच्या फलकावर लावा. दुखापत किंवा वयाच्या पुराव्यातली त्रुटी अशा कारणाने यादी बदलावी लागली, तर कारण लिहा, सही करा आणि त्या खेळाडूला कळवा. त्यावर दाद मागण्यासाठी तीन जणांची अपील समिती असू द्या, तिच्यात एक जण जिल्ह्याबाहेरचा असावा आणि सात दिवसांत निर्णय मिळावा. बंदीची कारवाई करायची असेल तर आधी नोटीस आणि मग सुनावणी. गावच्या शर्यतीत धावण्याबद्दल कोणावर कारवाई नको, आणि संघटनेबद्दल बोलण्याबद्दलही नको.

ताळेबंद आणि स्पर्धानिहाय जमाखर्च दरवर्षी सभेच्या सूचनेबरोबर यावा.

यांतलं बरंच काही घडवायला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. खास सभेची तारीख जाहीर करायला मात्र तीस दिवस पुरेसे आहेत. मसुदा लिहायला, मराठी करायला, फक्की मारायला, जे काम द्याल ते करायला मी येईन. याआधी कधी नाही म्हटलेलं नाही.

एक मागणी मात्र आजच पूर्ण होण्यासारखी आहे. ६०० मीटरमध्ये दुसरी आलेल्या मुलीला तिचं नाव यादीतून का काढलं, ते एका कागदावर, सहीनिशी लिहून द्या. ती अजून रोज साडेपाचला मैदानावर येते. तेच स्पाइक्स पिशवीत असतात, पण घालत नाही, जुन्या बुटांवर धावते. मी कारण विचारलेलं नाही. तिच्या वडिलांना मी शब्द दिलाय की लेखी उत्तर येईल. ते माझ्या पत्त्यावर पाठवलं तरी चालेल. पत्ता संघटनेच्या नोंदवहीत १९९९ पासून आहे आणि बदललेला नाही.

आपला,
संघटनेचा एक जुना खेळाडू, संलग्न क्लबचा प्रशिक्षक व सभासद